इगांगाचा सूर

"अहो… अहो, ऐकू येत नाहीये!"

नाबुकेरानं आधी एका कानाला हात लावला, मग दुसऱ्याला, मग दोन्ही कान धरून मान हलवली. पडद्यावरचा माणूस मात्र खुशाल बोलत होता. हात काय नाचवत होता, भुवया काय उडवत होता, मध्येच हसत काय होता! हसताना डाव्या गालाला खळी पडत होती. एवढं मन लावून मुकं बोलणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. शेवटी तिनं वहीच्या पानावर मोठ्ठ्या अक्षरांत 'माइक!' असं लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं.

त्यानं जीभ चावली आणि बटण दाबलं.

"म्हणजे एवढा वेळ बोललो ते सगळं वाया?"

"सगळं."

"बरं झालं. फार काही चांगलं नव्हतंच."

नाबुकेराला हसू आलं. सकाळपासून काळजी करत बसलेल्या मुलीला हसू आलं, हे काही थोडं नव्हे.

शुक्रवार होता. आफ्रिकेतल्या संगीतोपचार करणाऱ्यांची दोन दिवसांची ऑनलाइन परिषद नुकतीच सुरू झाली होती. डकारपासून डर्बनपर्यंतचे तीनशे लोक आपापल्या जागी पडद्यासमोर बसले होते. आता ही माणसं पडली संगीतवाली, त्यांना भाषणानं सुरुवात करून कसं चालेल? नैरोबीच्या सूत्रसंचालक बाईंनी सगळ्यांना दोघादोघांच्या खोल्यांत ढकललं होतं. पाच मिनिटं, आणि काम एकच — आत्ता तुमच्या आसपास जो आवाज आहे तो समोरच्याला ऐकवा. जोड्या कॉम्प्युटरनं लावल्या होत्या. आणि त्या आगाऊ कॉम्प्युटरनं अख्खा खंड सोडून तिच्या पुढ्यात आणून टाकला तो कोण, तर 'किरुंदा, इगांगा'. तिच्याच देशातला, तिच्या मुकोनो गावाहून बसनं अडीच तास!

"इगांगा?" ती म्हणाली. "म्हणजे बासोगा जमातीचे तुम्ही. खड्डा खणून त्यावर लाकडं वाजवणारे."

"आणि तुम्ही बागांडा. केळीच्या दोन खांबांवर चार ढलप्या ठेवून त्याला वाद्य म्हणणारे."

"बारा पट्ट्या असतात, चार नाही!"

"अरे वा, मोजता येतं म्हणजे." खळी पुन्हा पडली. "आवाज ऐकवा, न्याबो, बाईसाहेब. चार मिनिटं राहिली."

नाबुकेरानं लॅपटॉप उचलून खिडकीकडे धरला. खिडकीपलीकडे हॉस्पिटलचं स्वयंपाकघर होतं आणि तिथं तिची तेओपिस्ता आत्या भल्यामोठ्या उखळात शेंगदाणे कुटत होती. हॉस्पिटलचं स्वयंपाकघर आत्याच्या ताब्यात, आणि नाबुकेराची संगीतोपचाराची खोली त्याला लागून. त्यामुळे नाबुकेरा आत्याच्या ताब्यात, असं आत्याचं म्हणणं.

"बाई दिसतायत, मुसळही दिसतंय," किरुंदा म्हणाला, "आवाज मात्र नाही. हवा कुटतायत का?"

"शेंगदाणे कुटतेय!"

"मग तुमच्या कॉम्प्युटरला तो गोंगाट वाटला. गाळून टाकला त्यानं. 'मूळ आवाज' म्हणून बटण असेल बघा वर… हां, तेच!"

धप्… धप्… धप्… आत्याचं मुसळ इगांगाला पोचलं. किरुंदानं डोळे मिटले. मग दोन बोटांनी टेबलावर टिकटिक सुरू केली.

"चुकतंय तुमचं," नाबुकेरा लगेच म्हणाली. "मुसळावरच पडतंय. मध्ये पडायला हवं."

"मध्येच पडतंय."

"अजिबात नाही!"

"इथं मध्येच पडतंय. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर उशीर होतो." त्यानं डोळे उघडले. "माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल. आणि तुम्ही ना… हसता तेव्हा—"

खोली बंद झाली. वेळ संपली होती.

पुन्हा तीनशे डोकी समोर. नाबुकेरा भिरभिरत्या डोळ्यांनी एकेका चौकोनात शोधत होती, तेवढ्यात तिच्या एकटीसाठी ओळ उमटली, 'वाक्य अर्धं राहिलं.'

तिनं लिहिलं, 'मग पुरं करा.'

'तुम्ही हसता तेव्हा पडदा अडकतो. पण तक्रार करावीशी वाटत नाही.'

"कोण गं तो?" खिडकीतून आत्यानं विचारलं.

"कुठं कोण?"

"मग कॉम्प्युटरकडे बघून एकटीच लाजतेस होय? लाज, लाज. शेवटी माझ्यापुढेच यायचंय."

तेही खरंच. आमच्याकडे मुलाला मुलगी कितीही आवडो, पहिला निरोप मुलीच्या आत्याला जातो. बापाची पाळी नंतर. आणि तेओपिस्ता आत्यानं आजवर तीन जणांना स्वयंपाकघराच्या दारातूनच परत पाठवलं होतं.

पण नाबुकेराची काळजी लग्नाची नव्हती, ती होती ह्या खोलीची. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर काबुये ह्यांना गाद्या ठेवायला जागा हवी होती. लाकडाच्या पट्ट्या बडवून पेशंट बरे होतात हे त्यांना पटत नव्हतं. "उद्या परिषदेत तुमचं प्रात्यक्षिक आहे ना? मी बघतो," ते म्हणाले होते. "काग्वांचा हात हललेला माझ्या डोळ्यांनी दिसला तर खोली तुमची. नाहीतर सोमवारी गाद्या येतील." काग्वा म्हणजे जिंजा रस्त्यावर तीस वर्षं बस हाकलेले आजोबा. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची मूठ सात महिने मिटलेली होती. ह्या खोलीत अमादिंडाच्या, म्हणजे त्या बारा पट्ट्यांच्या वाद्याच्या जोरावर ती कशीबशी उघडली होती. डॉक्टर काही तेव्हा तिथं नव्हते.

दुपारी दोन वाजता सालीचा फोन आला. साली म्हणजे तिचा जोडीदार, अमादिंडाच्या समोरच्या बाजूला बसणारा.

"नाबुकेरा! जुळी झाली! दोन्ही मुली! मी सालोंगो झालो, सालोंगो!"

ती आनंदानं किंचाळली, आणि दुसऱ्या क्षणी मटकन खाली बसली. जुळ्यांच्या बापाला आमच्याकडे घराबाहेर कोण सोडतो? नाचगाणी, विधी, पाहुणे… चार दिवस तरी साली हाताला लागणार नव्हता.

आणि अमादिंडा काही एकट्यानं वाजत नाही. एकानं आपले सूर टाकायचे, दुसऱ्यानं बरोबर त्यांच्या मधल्या जागेत आपले टाकायचे, तेव्हा कुठं चाल उमटते. वरच्या दोन पट्ट्या तिसऱ्याच्या. चालीत त्याच्या वाट्याचे दोन सूर आले की त्यानं टोला द्यायचा. काग्वा आजोबा तिसरे. चालच उमटली नाही तर ते वाट कशाची बघणार?

 कोणाला फोन करावा हे खरं तर तिनं ठरवलंच नाही. बोटांनीच ठरवलं. नंबर त्यानं जेवणाच्या सुट्टीत दिला होता, 'वाक्यं अर्धी राहू नयेत म्हणून'.

सगळं ऐकून किरुंदा एवढंच म्हणाला, "मी वाजवतो."

"इथून तिथं? वेड लागलंय का? अर्धा सेकंद उशीर होतो. सकाळी बघितलं ना!"

"ऐका तर खरं. मी पुढं वाजवीन. माझं वाजवणं फोनवर तुमच्याकडे उशिरा पोचेल, पोचू दे. ते उशिरा आलंय हे तुमच्या खोलीत कोणाला माहीत? तुम्ही त्याच्या मधल्या जागा भरा. आजोबा तुमच्याच शेजारी, त्यांना दोघांचं एकदम ऐकू येईल. परिषदेला तुमच्या लॅपटॉपमधनं ऐकू येईल."

"आणि तुम्हाला?"

"मला काहीच नाही. तुमचा आवाज मी बंद ठेवणार. ऐकला तर घसरेन. मी आपला पुढं चालत राहीन, मागं वळून बघणार नाही. तुम्ही येताय असं समजेन."

 नाबुकेराच्या छातीत धडधडायला लागलं होतं, आणि ते काही सगळं खोलीसाठी नव्हतं.

"सूर जुळणार नाहीत," ती हळूच म्हणाली. "तुमचं लाकूड आमच्याहून वर बोलतं."

"एकेक पट्टी वाजवून दाखवा."

संध्याकाळी चार ते सात तेच चाललं होतं. ती एक पट्टी वाजवायची. तो म्हणायचा, "परत… परत… हं, दहा मिनिटं द्या." फोन बंद. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, आणि पलीकडून तोच सूर, अगदी तिचा!

"पट्टीचा सूर उतरवायला मेण आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे, आहे."

"श्वास का लागलाय मग?"

"तू समोर असलीस की लागतो."

तू! नाबुकेरानं फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला फार गरम झाला होता.

"काय म्हणालात?"

"सातवी पट्टी वाजव म्हणालो."

तिनं सातवी वाजवली. चुकून आठवीही वाजवली.

शनिवारी पावणेबारा वाजता खोलीत बसायला जागा नव्हती. केळीच्या ताज्या खांबांवर बारा पट्ट्या मांडल्या होत्या. एका बाजूला नाबुकेरा, तिच्या शेजारी वरच्या पट्ट्यांपाशी काग्वा आजोबा, आणि समोर सालीच्या जागी आत्याचं रिकामं पातेलं. पातेल्यात फोन होता. आवाज घुमायला पातेल्यासारखं दुसरं काही नाही, हा आत्याचा शोध. स्वतः आत्या हाताची घडी घालून दारात उभी होती. डॉक्टर काबुये त्यांच्या ऑफिसात पडद्यासमोर बसले होते.

"किरुंदा," पातेल्यावर वाकून नाबुकेरा म्हणाली, "आहात ना?"

"आहे. आता तुझा आवाज बंद करतोय. नाबुकेरा…"

"काय?"

"येशील ना मागून?"

"येते."

 मग पातेल्यातून सूर यायला लागले. एकसारखे, न डगमगणारे. त्या माणसाला इथलं काही ऐकू येत नव्हतं. कोणी आपल्याबरोबर आहे की नाही हेही त्याला कळत नव्हतं, तरी तो आपला चालला होता. नाबुकेरानं काठ्या उचलल्या. पहिला टोला चुकला. दुसरा निसटला. डॉक्टर बघत असतील, सोमवार, गाद्या… तिनं डोळे मिटून घेतले. सगळं सोडून ती फक्त त्याच्या दोन टोल्यांमधली जागा ऐकायला लागली. आणि शिरली की हो त्या जागेत!

चाल उमटली. राजवाड्यातली जुनी, भरधाव चाल. खोलीतल्या नर्सचे पाय आपोआप हलायला लागले.

काग्वा आजोबा मात्र ढिम्म. मूठ मिटलेलीच. एक फेरी गेली, दोन गेल्या. 'मूठ उघडा हो, आजोबा,' नाबुकेराच्या मनात चाललं होतं. तोंडानं ती एक शब्द बोलली नाही, कारण ह्या कामात घाई करणाऱ्याचं काही होत नाही. चौथ्या फेरीला आजोबांनी भुवया आक्रसल्या. गर्दीतून बस काढताना आक्रसत असतील तशा. बोटं एकेक करून सुटली. काठीवर मिटली. आणि नेमक्या सुराला — टक्!

पुन्हा टक्! मग टक्-टक्!

"आता जरा जोरात वाजवा की," आजोबा गुरकावले. "की झोपलात?"

नाबुकेराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. चाल संपली तेव्हा पडद्यावर तीनशे माणसं हात उंचावून हलवत होती. नैरोबीच्या बाई म्हणाल्या, "आता किरुंदांना पडद्यावर बोलावू या, हे कसं जमवलं ते त्यांच्याच तोंडून ऐकू." नाबुकेरानं आपला माइक बंद केला, लॅपटॉपचा आवाजही बंद केला. आजोबा दमले होते. त्यांना पाणी द्यायचं होतं, आणि तिला जरा पोटभर रडायचं होतं.

"पोरी," आत्या जवळ आली, "सूर एवढा कसा जुळला गं?"

"त्यानं काल मेण लावलं ना पट्ट्यांना."

"मेण?" आत्यानं कंबरेवर हात ठेवले. "माझा बाप, म्हणजे तुझा आजोबा, हीच लाकडं करायचा. मेण लावलं की लाकूड बोबडं बोलतं. आज ते पातेल्यातून कसं खणखणीत बोलत होतं, ऐकलंस ना? त्यानं पट्ट्या पोटाकडून तासल्यात. बाराच्या बारा."

 तरीच फोन बंद करत होता! तरीच श्वास लागत होता! त्याच्या पट्ट्या तो जिथं शिकवायचा त्या शाळेतल्या मोठ्या वाद्याशी जुळवलेल्या होत्या, हे त्यानंच काल सांगितलं होतं. मुलं रोज त्या पट्ट्यांवर वाजवायची. तासलेलं लाकूड काही परत भरून येत नाही.

"शहाणी ना तू, शिकलेली?" आत्या म्हणाली. "एवढं कळलं नाही?"

"आत्या…" नाबुकेराचा आवाज चिरकला. "आत्या, मला तो आवडतो गं. खूप आवडतो. त्याची ती खळी, आणि ते अर्धं वाक्य टाकून जाणं, आणि न ऐकता वाजवत राहणं… मला तोच हवाय. दुसरा कोणी आणलास तर मीच त्याला दारातून परत पाठवीन!"

"दोन दिवसांत?"

"दोन दिवस कुठले! पाच मिनिटांत झालं सगळं. नंतर नुसती धडधड चाललीय."

"अगं बाई," आत्या म्हणाली, "मग त्याला सांगितलंस का?"

"छे! मेले तरी सांगायची नाही."

दार धाडकन उघडलं. डॉक्टर काबुये धापा टाकत उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा ते पळत आले असावेत.

"नाबुकेरा! तो फोन… पातेल्यातला फोन बंद करा!"

"का?"

"किरुंदांचा माइक चालू आहे, आणि त्यांच्या फोनमधून तुम्ही! तीनशे लोक ऐकतायत! मी ऐकतोय!" त्यांनी घाम पुसला. "आणि खोली तुमची. गाद्यांचं बघू कुठंतरी. पण आधी तो फोन!"

खोली मिळाली ह्याचा आनंद करायलाही वेळ नव्हता. नाबुकेरानं पातेल्यात बघितलं. हिरवा दिवा शांतपणे चालू होता. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिनं लॅपटॉपचा आवाज सुरू केला.

तीनशे चौकोन, आणि एकही माणूस जागचा हललेला नाही. डर्बनच्या एक वयस्कर बाई रुमालानं डोळे टिपत होत्या. मध्यभागी मोठ्या चौकोनात किरुंदा. पार कानकोंडा झालेला, दोन्ही हातांना पांढरी पट्टी गुंडाळलेली. तासताना कापलं असणार.

"मी फोन बंद करायला हवा होता," तो म्हणाला. "वाजवून झाल्यावर कसं झालं ते ऐकायला आवाज वाढवला, आणि… 'आवडतो' ऐकलं. मग हातच उचलेना. माफ कर."

"लाकूड का तासलंस?" हे विचारताना तीनशे लोक ऐकतायत हे नाबुकेरा साफ विसरली. "आता शाळेतल्या वाद्याशी जुळणार नाही ते!"

"नाही जुळणार. मुलांसाठी नवीन करीन. हे आता इगांगात कोणाशीच जुळत नाही, नाबुकेरा. एका मुकोनोशीच जुळतं."  खळी पडता पडता राहिली. "पण हे मी तुला सांगून उपयोग नाही. रीत वेगळी आहे. आत्याबाई आहेत का तिथं?"

आत्या एप्रनला हात पुसत पुढं आली आणि थेट कॅमेऱ्यात नाक खुपसून उभी राहिली.

किरुंदा खुर्चीवरून उठला, मान खाली घातली आणि गुडघे टेकले. ते टेकताच तो पडद्यावरून नाहीसा झाला. उरली नुसती भिंत आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

"आत्याबाई," कॅलेंडरखालून आवाज आला, "मी इगांगाचा किरुंदा. तुमच्या भाचीसाठी आलोय."

"आलायस कुठं? मला तर कॅलेंडर दिसतंय!" आत्या गरजली. "आमच्या घरची मुलगी कॅलेंडरला द्यायची नाही. गुडघे टेकायचे तर इथं येऊन टेक, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात!"

"येऊ?" डोकं झटकन वर आलं. "कधी येऊ?"

"इगांगाहून साडेबाराची बस असते," काग्वा आजोबा मागून म्हणाले. "नवीन ड्रायव्हर जरा हळू हाकतात. पण जिंजाच्या पुलावर अडकली नाही तर तीनला मुकोनो."

किरुंदानं घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं.

"नाबुकेरा," तो म्हणाला, "तुझ्या तोंडून एकदा ऐकू दे. फोनमधून नको, पातेल्यातूनही नको. येऊ?"

तिनं डोळे पुसले. तीनशे लोकांनी श्वास रोखून धरला होता. डॉक्टर काबुयेंनीसुद्धा.

"पळ," नाबुकेरा म्हणाली. "बस चुकेल."

खुर्ची फिरत राहिली आणि दार आपटल्याचा आवाज आला. तो लॅपटॉप बंद करायलाही थांबला नाही. नैरोबीच्या बाईंनी दोनदा घसा खाकरला, पुढच्या सत्राचं नाव घेतलं, पण कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून टाळ्या वाजवत होते, आणि प्रत्येकाची टाळी वेगवेगळ्या वेळी येऊन पोचत होती.

"बसून काय राहिलीस?" आत्यानं पातेलं उचललं, फोन काढून नाबुकेराच्या हातात दिला. "मतोकेची केळी सोलायला ये. तीन वाजता जेवायला एक माणूस जास्त आहे."